बर्नाडेट डेव्हलिन: घर, मत आणि काम मागणारी टायरोनची मुलगी

रानवारा

बर्नाडेट डेव्हलिनचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एकविसाव्या वर्षी ब्रिटिश संसदेत निवडून गेलेली मुलगी, आणि भर सभागृहात गृहमंत्र्याच्या थोबाडीत मारणारी खासदार. दोन्ही खरं आहे. पण गोष्ट तिथेच थांबवली की तिने आयुष्यभर धरून ठेवलेला प्रश्न नजरेआड होतो. घर कुणाला मिळतं, मत कुणाला मिळतं, काम कुणाला मिळतं, हा तो प्रश्न. झेंडा, चर्च, पक्ष, बंदूक, यांतल्या कशासाठीही तिने तो बाजूला ठेवला नाही आणि दर वेळी त्याची किंमत मोजली. मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे, तो लपवून लिहिणार नाही.

टायरोन परगण्यातल्या कुक्सटाउन गावी २३ एप्रिल १९४७ रोजी तिचा जन्म झाला. सहा भावंडांत ती तिसरी. घर कॅथलिक. वडील सुतार आणि विचारांनी प्रजासत्ताकवादी, म्हणजे ब्रिटनपासून मोकळं, एकसंध आयरिश प्रजासत्ताक हवं असणारे. कामासाठी ते इंग्लंडला जायचे आणि घरी आले की मुलांना आयर्लंडचा इतिहास गोष्टीसारखा सांगायचे. ती नऊ वर्षांची असताना ते वारले आणि घर सरकारी मदतीवर आलं. पुढे ती बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती तेव्हा आईही गेली. धाकट्या भावंडांचं बघत बघत तिचं शिक्षण चाललं होतं.

आता थोडं उत्तर आयर्लंडबद्दल, कारण त्याशिवाय १९६८ साली एवढं काय पेटलं ते उमगत नाही. १९२१ साली फाळणी झाली तेव्हा सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य होते आणि त्यांना ब्रिटनशी जोडलेलं राहायचं होतं, म्हणून ते युनियनिस्ट. स्टॉरमॉन्टच्या प्रांतिक संसदेत पन्नास वर्षं त्यांच्याच पक्षाची सत्ता होती. कॅथलिक साधारण एक तृतीयांश. लंडनच्या संसदेसाठी प्रत्येक प्रौढाला मत होतं, पण नगरपालिकेला तसं नव्हतं. तिथे ज्याच्या नावावर घर, मग तो मालक असो की भाडेकरू, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला मत. आईबापांच्या घरात राहणारा तीस वर्षांचा मुलगा, लग्न होऊनही सासरच्या एका खोलीत दाटीवाटीने राहणारं जोडपं, पोटभाडेकरू, यांना मतच नाही. उलट कंपन्यांच्या मालकांना जादा मतं असायची.

याचा अर्थ नीट बघा. पालिकेचं घर देणं म्हणजे दोन मतं देणं. म्हणून कॅथलिक कुटुंबांना घरं नाकारली जायची, आणि द्यावीच लागली तर ज्या प्रभागात ते आधीच बहुसंख्य आहेत तिथेच दिली जायची, म्हणजे बाकीच्या प्रभागांचं गणित बिघडत नाही. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते. तरी प्रभागांच्या हद्दी अशा आखल्या होत्या की पालिकेत १२ युनियनिस्ट आणि ८ राष्ट्रवादी (कॅथलिकांचे, आयर्लंड एक व्हावं असं म्हणणारे) निवडून यायचे. आणि पालिका ज्याच्या हातात, तिथली नोकरीही त्याच्याच माणसाला. घर, मत आणि काम हे तीन वेगळे अन्याय नव्हतेच, एकाच यंत्राचे ते तीन भाग होते. बर्नाडेटला हे लवकर कळलं, आणि माझ्या मते तिची राजकीय बुद्धी दिसते ती इथे.

जून १९६८ मध्ये टायरोनमधल्या कॅलेडन गावात पालिकेचं घर एका एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला दिलं गेलं. ती एका युनियनिस्ट राजकारण्याच्या वकिलाकडे सेक्रेटरी होती. मुलंबाळं असलेली कॅथलिक कुटुंबं यादीत ताटकळत होती. ऑस्टिन करी हा राष्ट्रवादी आमदार त्या घरात शिरून बसला आणि पोलिसांनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्यातून २४ ऑगस्टला कोलआयलंड ते डंगॅनन असा नागरी हक्कांचा पहिला मोर्चा निघाला. बर्नाडेट त्यात होती. ५ ऑक्टोबरला डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर मोर्चा निघाला. मोर्च्यावर बंदी होती. पोलिसांनी दोन्ही बाजूंनी कोंडून लाठ्या चालवल्या. खासदार जेरी फिट यांचं डोकं फुटलं. आयरिश दूरचित्रवाणीच्या कॅमेरामनने ते सगळं टिपलं आणि जगाने पाहिलं. चार दिवसांनी क्वीन्सच्या विद्यार्थ्यांनी ‘पीपल्स डेमोक्रसी’ ही संघटना उभी केली, तिच्या पुढच्या फळीत बर्नाडेट होती.

१ जानेवारी १९६९ ला हे विद्यार्थी बेलफास्टहून डेरीकडे पायी निघाले. सुमारे सव्वाशे किलोमीटर. अमेरिकेतल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्च्याचा आदर्श डोळ्यासमोर होता. चौथ्या दिवशी, डेरी काही मैलांवर असताना, बर्नटॉलेटच्या पुलाजवळ दोनशेच्या आसपास लोकांनी त्यांच्यावर हल्ला केला. दगड, लोखंडी सळया, खिळे ठोकलेले सोटे. हल्लेखोरांत ‘बी स्पेशल्स’ या राखीव पोलीस दलातली, त्या दिवशी कामावर नसलेली माणसंही होती. सोबतच्या पोलिसांनी फार काही केलं नाही. मार खाऊन, रक्ताळलेल्या अवस्थेत पोरं डेरीत पोचली.

त्यानंतर तीन महिन्यांत ती खासदार झाली. मिड अल्स्टरचे युनियनिस्ट खासदार वारल्यामुळे पोटनिवडणूक लागली. राष्ट्रवादी आणि प्रजासत्ताकवादी गट एकमेकांची मतं खाऊ नयेत म्हणून सर्वमान्य नाव शोधत होते, ते हिच्यावर येऊन थांबलं. समोर दिवंगत खासदारांची पत्नी. १७ एप्रिल १९६९ ला मतदान झालं, नव्वद टक्क्यांहून जास्त. बर्नाडेटला ३३,६४८, प्रतिस्पर्धी ॲना फॉरेस्ट यांना २९,४३७.

२२ एप्रिलला, बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने शपथ घेतली आणि तासाभरातच बोलायला उभी राहिली. नव्या खासदाराने पहिलं भाषण गोडीगुलाबीचं करायचं हा तिथला शिरस्ता. हिने जमीनदारांवर, त्यांच्या हातात शतकानुशतकं असलेल्या मासेमारीच्या हक्कांवर, अवाच्या सवा भाड्यांवर बोट ठेवलं. आणखी एक गोष्ट बोलली: तुम्ही ब्रिटिश सैन्य पाठवलंत, तर तिथे नेमलेल्या शिपायाची आई किंवा बहीण व्हायची वेळ माझ्यावर न येवो. सैन्य रस्त्यावर उतरायला तेव्हा चार महिने बाकी होते.

ऑगस्टमध्ये डेरीच्या बोगसाइड वस्तीत तीन दिवस दंगल झाली. वस्तीने अडथळे रचून पोलिसांना बाहेर ठेवलं, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, उंच इमारतीच्या गच्चीवरून पेट्रोल बॉम्ब पडत होते. खासदारबाई हातात कर्णा घेऊन आत होत्या. फरशा फोडून दगड करतानाचं तिचं छायाचित्र जगभर गेलं. त्याबद्दल खटला झाला, सहा महिन्यांची शिक्षा झाली. जून १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती पुन्हा निवडून आली आणि आठवडाभरात अपील फेटाळलं जाऊन आर्माच्या तुरुंगात गेली. चार महिने आत होती.

आणि मग ३० जानेवारी १९७२. विनाचौकशी स्थानबद्धतेविरुद्ध डेरीत मोर्चा होता. शेवटी सभा होती आणि बर्नाडेट वक्त्यांपैकी एक. पॅराशूट रेजिमेंटच्या शिपायांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्या दिवशी मेले, चौदावा काही महिन्यांनी. दुसऱ्या दिवशी संसदेत गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग म्हणाले, शिपायांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला. सभागृहात हा प्रकार डोळ्यांनी पाहिलेली एकच खासदार होती. तिला बोलू दिलं गेलं नाही. ती उठली, सभागृह ओलांडून गेली आणि मॉडलिंगच्या थोबाडीत ठेवून दिली. पत्रकारांनी छेडलं तेव्हा तिने खेद व्यक्त केला नाही. त्याच वर्षीच्या न्यायालयीन चौकशीने सैन्याला बहुतांशी निर्दोष ठरवलं. खरं काय ते अधिकृतपणे मान्य व्हायला १५ जून २०१० उजाडला. त्या दिवशी सॅव्हिल चौकशीचा अहवाल आला आणि पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षं लागली. त्या थपडेकडे मी तरी या अडतीस वर्षांतूनच बघते.

पुढचं आयुष्य याहून खडतर आहे, ते प्रतिसादांत बोलू.

---

बेळगावचा_पाऊस

फार सविस्तर लिहिलंय. मतदानाच्या हक्काचं आणि घराचं नातं मला पहिल्यांदाच इतकं स्वच्छ समजलं.

आमच्या गावाचा या इतिहासाशी एक धागा आहे म्हणून सांगतो. टिळकांनी होमरूल लीग स्थापली ती बेळगावात, २८ एप्रिल १९१६ ला, प्रांतिक परिषदेच्या वेळी. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता. २४ तारखेला सुरू झाला, २९ ला शरणागती. म्हणजे आयर्लंडकडून घेतलेली होमरूलची मागणी इथे बेळगावात संघटनेचं रूप घेत होती, आणि तिकडे त्या मागणीवरचा तरुणांचा विश्वास उडून ते पूर्ण प्रजासत्ताकाकडे निघाले होते.

एक विचारतो. प्रजासत्ताकवादी तर वेस्टमिन्स्टरच्या संसदेत बसायचंच नाही असं मानतात ना? मग बर्नाडेट कशी बसली?

---

रानवारा

बेळगावच्या तारखांबद्दल आभार.

प्रश्न बरोबर आहे. ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायची नाही, म्हणून निवडून यायचं पण जागा घ्यायची नाही, ही सिन फेन या प्रजासत्ताकवादी पक्षाची १९१८ पासूनची रीत. याच मिड अल्स्टरने १९५५ साली टॉम मिचेल या तुरुंगातल्या प्रजासत्ताकवाद्याला निवडून दिलं होतं. बर्नाडेटने मतदारांना आधीच सांगितलं होतं की मी जागा घेईन आणि तुमच्या हक्कांसाठी भांडेन. जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. पण पालिकेचं घर मागणाऱ्या बाईला रिकाम्या खुर्चीचा काय उपयोग, हा तिचा विचार होता असं मला वाटतं. सुरुवातीच्या काळात तर ती स्वतःला समाजवादी म्हणायची. फाळणी संपल्याशिवाय हा अन्याय संपणार नाही, या ठिकाणी ती अनुभवातून आली. आधी अनुभव आणि मग सिद्धांत, असा तिचा प्रवास.

---

निळी_पहाट

मूळ लेखात एक महत्त्वाचा प्रसंग राहिला, तो मी लिहितो.

बोगसाइडच्या दंगलीनंतर लगेच, ऑगस्ट १९६९ मध्ये, ती अमेरिकेला गेली. दंगलीत घरं जळालेल्यांसाठी निधी जमवायला. आयरिश अमेरिकनांनी डोक्यावर घेतलं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस यू थांट भेटले. न्यूयॉर्कचे महापौर लिंडसे यांनी शहराची मानाची किल्ली दिली. पण तिथे तिला दिसलं ते वेगळंच. डेरीतल्या कॅथलिकांसाठी डोळे पुसणारे हेच लोक आपल्या शेजारच्या काळ्या माणसाबद्दल तसंच बोलत होते जसं युनियनिस्ट कॅथलिकांबद्दल बोलतात. तिने ते व्यासपीठावरून ऐकवलं. यजमान दुखावले, निधी आटला. पुढच्या वर्षी तिचा सहकारी एमॉन मॅक्कॅन अमेरिकेला गेला तेव्हा तिच्या वतीने ती किल्ली त्याने हार्लेममध्ये ब्लॅक पँथर्सच्या हाती दिली.

मे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच पँथर्सचं नाव घेऊन. डेरी आणि मुंबईचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण आपला अन्याय सांगताना दुसऱ्याचा अन्याय ओळखता येणं, तेही ज्यांच्याकडून पैसे हवेत त्यांच्यासमोर, हे फार थोड्यांना जमतं. आपल्याकडे एका जातीवरच्या अन्यायाबद्दल पोटतिडकीने बोलणारा माणूस दुसरीबद्दल बोलायची वेळ आली की गप्प होतो, हे आपण सगळेच बघतो. मला बर्नाडेट जवळची वाटते ती यामुळे.

---

शंकासुर

लेख चांगला आहे, पण एक बाजू कमी पडते.

नागरी हक्कांची चळवळ न्याय्य होती, वाद नाही. परंतु १९७० नंतरचं काय? आयआरए या प्रजासत्ताकवाद्यांच्या सशस्त्र संघटनेने जे केलं त्यात शेकडो सामान्य माणसं गेली. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबांमध्ये बॉम्ब फुटून २१ जण मेले. ती माणसं काही जमीनदार नव्हती, संध्याकाळी दोन घोट घ्यायला आलेले कामगार आणि पोरंटोरं होती. तीन दशकांत साडेतीन हजारांच्या घरात माणसं मेली, त्यांतली निम्म्याहून अधिक प्रजासत्ताकवादी गटांच्या हातून. बर्नाडेट ज्या कैद्यांच्या हक्कांसाठी लढली त्यांच्यात या गटांचे लोक होते. तिच्याबद्दल आदराने लिहिताना हे सांगायला नको का?

---

रानवारा

सांगायलाच हवं. बर्मिंगहॅमला गेलेल्या माणसांच्या घरच्यांना कुठलंही राजकीय कारण सांगून समजावता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये.

आता बर्नाडेट नेमकी कुठे उभी होती ते बघू. डिसेंबर १९७४ मध्ये शेमस कॉस्टेलो आणि इतरांबरोबर तिने आयरिश रिपब्लिकन सोशालिस्ट पार्टी काढली. त्याच सुमारास पक्षाला जोडून एक सशस्त्र गट तयार झाला, पुढे त्याला आयएनएलए म्हणू लागले. बंदूक धरणारे पक्षाच्या निर्णयाखाली असले पाहिजेत, असा तिचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. वर्षभरात ती आणि तिच्याबरोबर नेतृत्वातले बरेच जण बाहेर पडले. सशस्त्र लढा तिने तत्त्व म्हणून नाकारला असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण लोकांना उत्तर न देणारी बंदूक तिला नको होती, आणि त्यासाठी तिने स्वतः काढलेला पक्ष सोडला.

कैद्यांचं प्रकरण असं. १ मार्च १९७६ नंतरच्या गुन्ह्यांत दोषी ठरणाऱ्यांचा राजकीय कैद्यांसारखा खास दर्जा ब्रिटिश सरकारने काढून घेतला. कैद्यांनी तुरुंगाचे कपडे घालायला नकार दिला, अंगावर नुसती घोंगडी. पुढे कोठड्यांच्या भिंतींना विष्ठा फासण्यापर्यंत गोष्ट गेली. आर्माच्या तुरुंगातल्या बायकाही त्यात होत्या. बर्नाडेट स्वतः त्या तुरुंगात राहून आली होती. १९७९ मध्ये ती युरोपीय संसदेच्या निवडणुकीला या कैद्यांच्या प्रश्नावर अपक्ष उभी राहिली. सिन फेनचं धोरण बहिष्काराचं होतं, तरी तिला ३३,९६९ मतं मिळाली. त्याच वर्षी कैद्यांसाठी एच-ब्लॉक/आर्मा समिती (एच-ब्लॉक म्हणजे पुरुष कैद्यांच्या तुरुंगाच्या इमारती) स्थापन झाली, आणि ती तिची मुख्य आवाज झाली. त्या कैद्यांनी केलेलं सगळं बरोबर असं मानणं आणि त्यांना माणसासारखं वागवा म्हणणं, या दोन गोष्टी मला वेगळ्या दिसतात. आपल्याकडे मानवी हक्कांचे वकील रोज हेच भांडतात.

या समितीचं काम करणाऱ्यांना एकेक करून मारलं जात होतं. जून १९८० मध्ये क्वीन्स विद्यापीठातल्या अध्यापिका मिरियम डेली यांना त्यांच्या घरात मारलं. त्याच महिन्यात जॉन टर्नली, जे स्वतः प्रोटेस्टंट होते. ऑक्टोबरमध्ये रॉनी बंटिंग आणि नोएल लिटल. १६ जानेवारी १९८१ च्या सकाळी पाळी बर्नाडेटची आली. कोलआयलंडजवळच्या तिच्या घराचा दरवाजा घणाने फोडून युनियनिस्ट अतिरेक्यांचे तीन बंदूकधारी आत शिरले. तिला अनेक गोळ्या लागल्या, नवरा मायकेलही गंभीर जखमी झाला. घरात तीन लहान मुलं होती. फोनची तार आधीच तोडलेली होती.

आणि घराबाहेर ब्रिटिश सैनिक होते. त्या घरावर नजर ठेवायला ते दबा धरून बसले होते. मारेकरी आत जाईपर्यंत ते पुढे आले नाहीत, बाहेर पडल्यावर त्यांना पकडलं. नंतर दुसऱ्या रेजिमेंटचे शिपाई आले, त्यांनी प्रथमोपचार केले, हेलिकॉप्टरने हलवलं आणि दोघं वाचली. आधी आलेल्या शिपायांनी मारेकऱ्यांना आत का जाऊ दिलं, हा प्रश्न तिने तेव्हापासून विचारलाय.

---

अबोली

मला तिच्या आयुष्यातलं १९७१ साल सगळ्यात कठीण वाटतं. चोवीस वर्षांची अविवाहित खासदार आणि तिने जाहीर केलं की मला मूल होणार आहे. मुलाचा बाप कोण ते सांगणार नाही, राजीनामाही देणार नाही. ग्रामीण, कॅथलिक मिड अल्स्टर. धर्मगुरूंचा शब्द प्रमाण मानणारे मतदार. त्या काळात आयर्लंडमध्ये अशा मुलींना घरातून काढून जोगिणींच्या आश्रमात पाठवत आणि बाळ दत्तक देऊन टाकत. ऑगस्टमध्ये रोशीनचा जन्म झाला. पाच महिन्यांचं बाळ घरी असताना ही डेरीच्या त्या मोर्च्यात होती.

१९७३ मध्ये, २३ एप्रिलला, तिने मायकेल मॅकॲलिस्की या शिक्षकाशी लग्न केलं. फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत मवाळ राष्ट्रवादी एसडीएलपीने तिच्याविरुद्ध उमेदवार दिला, मतं फुटली आणि युनियनिस्ट जॉन डनलॉप निवडून आले. १९६९ मध्ये सगळ्यांनी मिळून उभी केलेली मुलगी पाच वर्षांत एकटी पडली. समाजवादामुळे मतं गेली असं पुस्तकांत लिहितात, ते असेलच. पण बिनलग्नाच्या आईला मत द्यायचं का, हाही विचार झालाच की.

ब्रिटिश संसदेतली सर्वांत तरुण महिला हा तिचा विक्रम मात्र २०१५ पर्यंत टिकला.

---

पेठेतला_वाचक

अबोलीताई, रोशीनचं पुढचं माहीत आहे का? १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये तिला अटक झाली. जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या ब्रिटिश लष्करी तळावर उखळी तोफांचा हल्ला झाला होता, त्या प्रकरणात जर्मनीला ती हवी होती. ती गरोदर होती आणि तशीच तिला कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात ठेवलं, त्यांत पुरुषांचे तुरुंगही होते. बर्नाडेट लेकीसाठी देशोदेशी बोलत फिरली. मे १९९७ मध्ये जामिनावर असताना मुलगी झाली. मार्च १९९८ मध्ये गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी प्रकृतीच्या कारणावरून तिला जर्मनीच्या हवाली करायला नकार दिला. आरोप तिच्यावर शाबित झालेला नाही.

तुरुंगात उपोषण करून मेलेला आयआरएचा कैदी बॉबी सँड्स, त्याच्या निवडणुकीत बर्नाडेटचा काय भाग होता, तेही कुणीतरी लिहा. आम्हाला तो काळ वर्तमानपत्रांतून आठवतो. सँड्स गेला तेव्हा आपल्या राज्यसभेतल्या विरोधी सदस्यांनी मिनिटभर उभं राहून श्रद्धांजली वाहिली होती. उपोषणाने मरण पत्करणं आपल्याला परकं नव्हतं. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅक्स्वीनी १९२० मध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवसांनी गेले, जतीन दास १९२९ मध्ये लाहोरला ६३ दिवसांनी. मॅक्स्वीनींच्या घरच्यांनी जतीनदांसाठी तार पाठवली होती.

---

रानवारा

काका, लिहिते. सँड्सने १ मार्च १९८१ ला उपोषण सुरू केलं आणि चारच दिवसांत फर्मॅना व दक्षिण टायरोनचे खासदार फ्रँक मॅग्वायर हृदयविकाराने गेले. पोटनिवडणुकीसाठी बर्नाडेटचं नाव पुढे होतं. कैदीच उभा राहणार असेल तर मी मागे सरते, असं तिने सांगितलं. अंगातल्या जखमा दोन महिन्यांच्या होत्या, कुबड्या घेऊन ती प्रचाराला फिरली. ९ एप्रिलला सँड्स ३०,४९३ मतं मिळवून निवडून आला आणि ५ मे रोजी ६६ व्या दिवशी गेला. एकूण दहा जण गेले. या विजयातून सिन फेनला निवडणुकीची वाट सापडली आणि पुढे तो पक्ष सत्तेपर्यंत पोचला. बर्नाडेट १९८२ मध्ये दोनदा डब्लिनमधून आयरिश संसदेसाठी उभी राहिली, दोन्ही वेळा पडली.

---

लगानकाठ

मी बेलफास्टमध्ये नर्स आहे, बरीच वर्षं झाली इथे येऊन. नमस्कार सगळ्यांना.

इथल्या रोजच्या जगण्यातलं थोडं सांगते. शँकिल आणि फॉल्स या दोन वस्त्यांच्या मध्ये उंच भिंत आहे, तिच्यातली काही फाटकं अजून रात्री बंद होतात. पहिल्या भिंती १९६९ च्या त्याच ऑगस्टनंतर उभ्या राहिल्या. बहुतेक मुलं आजही धर्मानुसार वेगळ्या शाळांत जातात. नवीन माणसाला आडून आडून विचारतात, तुम्ही कुठल्या बाजूला राहता? आम्ही भारतीय म्हणजे दोन्हीकडच्यांना मोकळेपणाने बोलायला बरे. वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन्हीकडचे म्हातारे असतात, आणि बर्नाडेटचं नाव काढलं तर एकाचा चेहरा उजळतो, दुसऱ्याचा आवळतो. हे मी स्वतः पाहिलंय.

२०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. ज्या बहुमतासाठी हा प्रदेश आखला होता ते राहिलेलं नाही.

आणि डंगॅननला गेलात तर वेगळंच गाव दिसेल. तिथे मांसप्रक्रियेचे मोठे कारखाने आहेत. पोर्तुगाल, लिथुएनिया, पूर्व तिमोर, कुठून कुठून आलेली माणसं तिथे राबतात. त्यांच्यात बर्नाडेटना ओळखणारे भेटतील, पण खासदार म्हणून नाही.

---

शंकासुर

रानवारा, उत्तर वाचलं. पक्ष सोडल्याचा भाग मला नवा होता आणि तो महत्त्वाचा आहे. घरातल्या हल्ल्याबद्दल वाचून सुन्न झालो. तरी माझं एक म्हणणं कायम आहे. बर्नटॉलेटचा मोर्चा काढू नका असं चळवळीतल्याच मवाळांनी सांगितलं होतं. सरकारने नोव्हेंबर १९६८ मध्ये काही सुधारणा जाहीर केल्या होत्या, वाट बघता आली असती. मोर्च्याने दोन्ही समाजांतली दरी रुंदावली.

---

रानवारा

त्या सुधारणांत पालिकेचा सार्वत्रिक मताधिकार नव्हता, म्हणजे मूळ मागणीच नव्हती. ती मान्य झाली एप्रिल १९६९ मध्ये, बर्नाडेट निवडून आल्यावर आठवडाभरातच, दबाव शिगेला पोचल्यावर. मोर्च्याने दरी रुंदावली की आधीच असलेली दरी दिसली, यावर आपलं एकमत होणार नाही. शांतपणे चालणाऱ्या पोरांना खिळ्यांच्या सोट्यांनी मारलं गेलं, त्याचा दोष चालणाऱ्यांवर टाकायला माझं मन धजत नाही.

लगानकाठ, डंगॅननचं तुम्ही सांगितलंत ते शेवटी घेणारच होते. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता कराराला बर्नाडेटने विरोध केला. तिचं म्हणणं असं की सत्तेची वाटणीच दोन धर्मगटांत करून दिली की गरीब प्रोटेस्टंट आणि गरीब कॅथलिक कधी एकत्र येणार नाहीत, प्रत्येक जण आपल्या गटाच्या पुढाऱ्यांमागेच उभा राहील. करारामुळे माणसं मरायची बहुतांशी थांबली, आणि माझ्या दृष्टीने ते एवढं मोठं आहे की इथे मी तिच्याबरोबर पूर्ण जात नाही. पण तिचा आक्षेप फेकून देण्यासारखा नाही. स्टॉरमॉन्टचं सरकार मधल्या काळात वर्षानुवर्षं बंद पडलेलं आपण पाहिलंय.

१९९७ मध्ये डंगॅननला तिने ‘साउथ टायरोन एम्पॉवरमेंट प्रोग्राम’ ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं ती चालवली. कारखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरितांना कामाचे करार समजावणं, घरभाड्याचे तंटे, परवान्यांचे कागद, भाषांतर, कायद्याचा सल्ला, असं तिचं काम. २००३ मध्ये अमेरिकेने तिला शिकागोच्या विमानतळावरून परत पाठवलं, देशाच्या सुरक्षेला धोका म्हणून. ती घरी आली आणि पुन्हा डंगॅननच्या कामाला लागली. वर्णद्वेषी हल्ले झाले तेव्हा रस्त्यावर बोलायला उभी राहिली, डेरीच्या वार्षिक स्मृतिसभेत बोलली.

गुड फ्रायडे करारावर स्वतंत्र धागा काढते आहे. शंकासुर, तिथे तुम्ही हवेच आहात. आणि लगानकाठ, वॉर्डातल्या त्या दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना करार कसा वाटला हे, त्यांची ओळख न देता, जमलं तर लिहा.